विहिरीचा राखणदार

वेंगुर्ल्याला माझ्या माहेरच्या घरामागे विहीर आहे. लहानपणी कठड्यावरून वाकून आत आरोळी मारली की आजी माजघरातून ओरडायची. विहिरीला राखणदार असतो आणि त्याला गोंगाट खपत नाही, एवढंच तिचं म्हणणं. तो दिसतो कसा, हे तिनं कधीच सांगितलं नाही. मी आपली कल्पना करायचे, की तो काळा असणार, ओला असणार, आणि तळाशी बसून वर बघत असणार.

तो मला खरोखर दिसला तोक्योत. निशी-कासाईत आमच्या घरापासून दोन स्टेशनं पुढे असलेल्या एका दुकानात, माशांच्या टाक्यांच्या खालच्या रांगेत. बोटभर लांब, पाठ ओल्या काळ्या दगडासारखी. काचेवर चढताना त्याचं पोट दिसलं आणि मी थबकले. शेंदूर फासावा तसं लाल, त्यावर शाईचे ठिपके. पाटीवर जपानी नाव होतं, इमोरी. माझी मुलगी मुक्ता तेव्हा दुसरीत होती आणि कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपीची अक्षरं, नव्यानं शिकत होती. तिनं सांगितलं, "आई, यातलं पहिलं अक्षर विहिरीचं आहे. आणि दुसरं राखण्याचं."

विहीर राखणारा तो इमोरी. त्याचंच जोडीचं नाव यामोरी, म्हणजे घर राखणारा. यामोरी म्हणजे आपली भिंतीवरची पाल. आपल्याकडे द्वारपाल, लोकपाल म्हणताना पाल म्हणजे राखणारा, आणि 'प्राणी पाळणं' हेही त्याच पालनातून आलेलं. भिंतीवरच्या पालीचं मूळ संस्कृतातल्या पल्लीत आहे, त्याचा या पालाशी संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दुकानात उभी असताना माझ्या कानात हे सगळे शब्द एकमेकांत मिसळले, आणि आम्ही दोन इमोरी घेऊन घरी आलो. नर आणि मादी. मुक्तानं नावं ठेवली गेरू आणि शेंद्री.

इमोरी हा न्यूट. बेडकासारखा उभयचर, पण शेपूट कायम राहणारा. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांवरच्या भातखाचरांत, पाटांत, डबक्यांत तो राहतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. मराठीत त्याला शब्द नाही आणि त्याचं कारण सरळ आहे. सह्याद्रीत बेडूक अमाप, पाय नसलेले देवगांडूळही आहेत, पण शेपटीचा उभयचर एकही नाही. भारतात तो भेटतो थेट हिमालयाच्या पूर्वेकडे. दार्जिलिंगजवळ जोरपोखरीला त्याच्यासाठी राखून ठेवलेलं छोटं अभयारण्यच आहे. तिथला न्यूट कायद्यानं संरक्षित आहे, त्याला घरी आणण्याचा विचारही करू नये.

दुकानातून आम्ही सगळं एकदमच आणलं होतं. काचेची टाकी, वाळू, खोटं झाड, पाण्यातला क्लोरीन घालवणारं औषध. संध्याकाळी टाकी भरली, औषध टाकलं, रात्री दोघांना आत सोडलं. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. तिसऱ्या दिवसापासून दोघंही पाण्याबाहेर येऊन कॉर्कच्या तरंगत्या तुकड्यावर बसायला लागले. मुक्ता खूश, कारण तिला ते समोर दिसायचे. मीही खूश होते. मला वाटलं, ऊन खातायत.

ते ऊन खात नव्हते. पाणी त्यांना भाजत होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. इमारतीतली सगळी मुलं त्यांना ओजीसान म्हणतात, म्हणजे आजोबा. त्यांच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या टबांत मेदाका असतात, भातशेतीतले इवले मासे. मुक्तानं त्यांना न्यूट बघायला वर बोलावलं. त्यांनी टाकीकडे पाहिलं, कॉर्कवरच्या दोघांकडे पाहिलं, आणि खाली जाऊन पाणी तपासायच्या पट्ट्या घेऊन आले. नायट्राइटचा चौकोन गडद गुलाबी झाला. पाण्यात राहणारा न्यूट पाणी टाळायला लागला, तर आधी पाण्यावर संशय घ्यायचा, हे मी त्या दिवशी शिकले. न्यूट कातडीतूनही श्वास घेतो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये फारसं काही नसतंच. पाण्यात जे विरघळलंय ते त्याच्या अंगात जातं.

ओजीसान म्हणाले, पाणी अजून झालेलं नाही. जपानी लोक याला मिझु-झुकुरी म्हणतात, पाणी घडवणं. मी विचारलं, नळाला स्वच्छ पाणी असताना घडवायचं काय? त्यांनी कागदावर बाण काढून समजावलं. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही जहाल, तिसरं त्या मानानं सौम्य, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू गाळणीच्या स्पंजात, वाळूत, काचेवर घर करतात, आणि त्यांना पुरेसं वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत ते नसतात. नवं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण त्यात राहणाऱ्याची घाण पचवणारं तिथे कुणीच नसतं.

मग ते पुन्हा खाली गेले आणि मेदाकांच्या टबातला जुना स्पंज घेऊन आले. आमच्या टाकीत त्यांनी तो पिळला. तपकिरी, गढूळ पाण्याचा लोट आत पसरला. माझ्या तोंडून आपोआप मराठी निघालं, "विरजण!"

त्यांना ते कळलं नाही, पण मला सगळं कळलं. दुधाला विरजण लावतात तसं त्यांनी पाण्याला लावलं होतं. दही लागायला जसा उबेचा आणि वेळेचा हिशेब असतो, भांडं सारखं हलवून चालत नाही, तसंच हे. आता पाणी मुरू द्यायचं. आजी कैरीचं लोणचं बरणीत भरून फडका बांधायची आणि आम्हाला हात लावू द्यायची नाही. 'मुरूं दे' हे तिचं उत्तर मला त्या गाळणीसमोर पुन्हा ऐकू आलं.

तोपर्यंत गेरू आणि शेंद्रीला एका साध्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं. त्यातलं पाणी रोज पूर्ण बदलायचं, क्लोरीन काढलेलं, आणि तापमान आधीच्या पाण्याइतकंच. पाच आठवडे हा माझा नेम होता. सकाळी मुक्ताचा डबा, मग यांचा डबा. टाकीत अधूनमधून चिमूटभर खाद्य टाकायचं, कारण जिवाणूंनाही उपाशी ठेवून चालत नाही. दर दोन दिवसांनी पट्टी बुडवायची. गुलाबी रंग आधी वाढत गेला, मग एका शुक्रवारी एकदम फिका पडला, आणि पुढच्या आठवड्यात चौकोन पांढरा राहिला. दोघांना परत टाकीत सोडलं तेव्हा शेंद्री तळाशी गेली, वाळूवर चार पाय पसरून बसली आणि कॉर्ककडे तिनं दिवसभर पाहिलंदेखील नाही. इतकं साधं दृश्य, पण मला भरून आलं.

टाकी ६० सेंटिमीटर लांबीची आहे, ३० रुंद, ३६ उंच. पाणी मात्र २० सेंटिमीटरच ठेवते. न्यूटला उंचीपेक्षा लांबी-रुंदीच जास्त उपयोगाची, आणि वर जेवढी कोरडी काच राहील तेवढं बरं. दोघांना ४५ सेंटिमीटरची टाकीही चालली असती, पण पाणी जितकं जास्त, तितकं ते उशिरा बिघडतं. नव्या माणसानं मोठी टाकी घ्यावी असंच मी सांगेन. तळाला बारीक वाळू आहे. बारीक खडी घालू नये, कारण न्यूट तोंडानं झडप घालतो आणि खाद्याबरोबर खडाही गिळतो. खोटं झाड मी काढून टाकलं. आता जावा मॉस नावाचं शेवाळ आहे आणि तरंगणाऱ्या वेलींचा गुंता. न्यूट मोठा पोहणारा नाही, त्याला पाण्यात धरायला, टेकायला, लपायला काहीतरी हवं असतं. गाळणी हवेवर चालणारी, स्पंजाची. तिला इथे सगळे बुकुबुकु म्हणतात, आपण बुडबुडे म्हणतो, आणि दोन भाषांना एकच आवाज ऐकू आला याचं मला अजून अप्रूप आहे. मोटारीच्या गाळणीचा झोत या जिवांना सोसत नाही, ते दिवसभर प्रवाहाशी झगडत राहतात. स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. नळाच्या क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलक्या हातानं पिळायचा. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलायचं.

आणि झाकण. हे मी दुसऱ्यांदा चुकून शिकले. ओल्या पोटाचा न्यूट उभ्या काचेला चिकटून सरळ वर चढतो. नळी आत जाण्यापुरती फट होती, तेवढ्यातून गेरू एका रात्री गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो फ्रिजमागे सापडला, केस आणि धूळ चिकटलेला, वाळलेल्या चिंचेसारखा. मी त्याला उचललं तेव्हा तो मेलाय असंच धरून चालले होते. ओजीसान म्हणाले, थांबा. बशीत अर्धा सेंटिमीटर पाणी, ओला टिश्यू, अंधार. दोन तासांनी घशाची कातडी हलली. आता झाकणाच्या प्रत्येक फटीत स्पंज कोंबलेला आहे आणि वर दोन डंबेल ठेवलेत.

न्यूट थंडीचा प्राणी. १८ ते २२ अंश हे त्याचं सुख, २५ पर्यंत तो निभावून नेतो, त्यापुढे त्याची भूक मरते, अंगावर बुरशी धरते. हिवाळ्यात त्याला हीटर लागत नाही. पाणी १० अंशांवर गेलं तरी तो नुसता मंदावतो. खरी परीक्षा ऑगस्टची. तोक्योत दुपारी पारा ३५ च्या वर जातो, आणि टाकीतलं पाणी खोलीच्या मागोमाग तापत जातं. मी टाकीच्या काठाला छोटा पंखा लावते, तो पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारतो. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, माठात होतं तेच. एवढ्यानं दोन-तीन अंश उतरतात. दमट दिवसात तेवढेही उतरत नाहीत, मग त्या खोलीतला एसी दिवसरात्र चालू. विजेचं बिल पाहून नवरा काही म्हणत नाही, नुसता टाकीतल्या थर्मामीटरकडे बघतो आणि आकडा मोठ्यानं वाचतो. ज्यांना उन्हाळ्यात घर थंड ठेवणं जमणार नसेल, त्यांनी न्यूट पाळू नये. हे मी पुण्या-नागपूरच्या ज्या ज्या मैत्रिणींनी फोटो पाहून 'आम्हाला पण हवाय' म्हटलं, त्या सगळ्यांना स्पष्ट सांगितलंय.

मुक्ताला सगळ्यात अवघड गेलं ते हात न लावणं. तिच्या मैत्रिणीकडे ससा आहे, त्याला मांडीवर घेता येतं. हा हातात घेतला की त्याच्या लेखी आपला तळवा म्हणजे तवा. आपण ३६-३७ अंशांचे, तो वीसचा. आपल्या हाताचा साबण, मीठ, क्रीम त्याच्या कातडीतून आत जातं. शिवाय त्याच्या कातडीत विष असतं, फुगू या विषारी माशात असतं तेच. घाबरला की तो पाठ वाकवून खालचा लाल रंग दाखवतो. 'मला खाऊ नकोस' एवढंच त्याला सांगायचं असतं. म्हणून टाकीत हात घातला की आधी आणि नंतर धुवायचा, डोळ्याला-तोंडाला लावायचा नाही, आणि त्याच्याबरोबर मासे ठेवायचे नाहीत. पहिले काही महिने मुक्ता रुसायची. मग तिनं जवळ जायची दुसरी रीत शोधली. ती काचेला नाक लावून बसते. त्यालाही आता ते माहीत आहे. ती आली की गेरू त्या कोपऱ्यात येतो. खाद्याच्या आशेनं येत असेल, येऊ दे. आम्हीही आजीभोवती त्याच आशेनं घुटमळायचो.

गेल्या वर्षी आई दोन महिने राहायला आली. टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "ही पाल पाण्यात कित्याक ठेवलंस गो?" मी म्हटलं, पाल नाही ही, पालीला खवले असतात. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या लाल अळ्यांच्या वड्या पाहून तिला काही वाटलं नाही, तिथे शेजारी बांगडे होतेच. आठवड्यातून तीनदा एक वडी विरघळवून चिमट्यानं भरवायची, हे काम तिनं स्वतःकडे घेतलं. कधी गांडुळाचा तुकडा. न्यूट वासावरही चालतो. घास नाकासमोर असूनही तो विचार केल्यासारखा थांबतो, मग एकदम झडप. आई त्याची वाट बघत उभी राहायची, मुलाला भरवताना राहावं तशी. पंधरा मिनिटांत जे उरेल ते काढून टाकायचं, नाहीतर पाणी नासतं, हे तिला सांगावंच लागलं नाही. विहिरीवर वाढलेली बाई ती.

एका सकाळी तिनं हाक मारली. शेंद्री कात टाकत होती. पातळ, धुकट मोजा उतरावा तशी ती कातडी अंगावरून मागे सरकली, आणि शेंद्रीनं मान वळवून ती गिळली. आई हळूच म्हणाली, "काय्येक वाया घालवणा नाय."

एप्रिलमध्ये गेरूची शेपूट जांभळट निळी झाली. तो शेंद्रीच्या समोर जाऊन आडवा उभा राहायचा, शेपूट दुमडून तिच्या नाकाकडे भरभर हलवायचा. या हालचालीतून तो पाण्यावाटे गंध पाठवतो. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी त्या गंधातलं रसायन वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं सोदेफ्रिन. सोदे म्हणजे किमोनोची बाही. सातव्या शतकातल्या राजकन्या नुकाताच्या एका कवितेत प्रियकर दुरून बाही हलवतो, आणि कुणी पाहील म्हणून तिचा जीव खालीवर होतो. प्रयोगशाळेत रेणूची साखळी मोजता मोजता ज्यांना ती कविता आठवली, त्यांच्याबद्दल मला फार आपुलकी वाटते.

शेंद्रीनं अंडी एकेक करून घातली. मागच्या पायांनी पान दुमडायचं, त्यात एक अंडं, पान चिकटवून टाकायचं, विडा बांधावा तसं. आईबापच ती पुढे खातात, म्हणून आम्ही सहा पानं तोडून वेगळी ठेवली. सुमारे तीन आठवड्यांनी त्यातून डोळे आणि कल्ल्यांचे झुपके असलेले दोरे बाहेर आले. त्यांना जिवंत खाद्य लागतं, मीठपाण्यात रोज उबवलेली, आर्टेमिया नावाच्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची सूक्ष्म पिल्लं. काही महिन्यांनी कल्ले झडतात आणि ती पिल्लं जमिनीवर येतात, पुढे दोन-तीन वर्षं तिथेच राहतात. आमची दोन वाचली. ती ओजीसानांच्या ओळखीच्या एका घरी आहेत. त्याहून जास्त वाढवायचा मोह आम्ही आवरला. अंडं फुटण्याआधीच त्याचं घर ठरलेलं हवं.

घराचाच प्रश्न आता आमच्यापुढे आहे. नवऱ्याचं इथलं काम मार्चमध्ये संपतंय. न्यूट पाळीव अवस्थेत वीस वर्षं आणि त्याहून जास्त जगतो. याच जातीच्या न्यूटच्या डोळ्यातलं भिंग शास्त्रज्ञांनी १६ वर्षांत १८ वेळा काढलं, आणि दर वेळी ते पहिल्यासारखंच नवं उगवलं. ते संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि शेवटचं भिंग काढलं तेव्हा ते न्यूट किमान ३० वर्षांचे होते. ते वाचून मला आधी कळवळाच आला, आणि मग मी आमच्या व्हिसाची तारीख मोजली. घेताना हा हिशेब आम्ही केला नव्हता. तो घेण्याआधी करायचा असतो.

पुण्याला नेणं मनात आलं आणि लगेच गेलं. परवाने, प्रवास, आणि पोचल्यावर समोर एप्रिल-मे. मुक्ता म्हणाली, भातखाचरात सोडून देऊया, तिथलेच तर आहेत. तिला समजावताना मला नेदरलँड्सची गोष्ट सांगावी लागली. २०१० च्या सुमाराला तिथले काळे-पिवळे सॅलॅमँडर, म्हणजे न्यूटचे भाऊबंद, भराभर मरायला लागले, आणि २०१३ मध्ये त्यामागची बुरशी सापडली. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच सॅलॅमँडर खाणारी. ती आशियातली, इथले न्यूट तिच्यासह जगायला शिकलेले, तिकडचे नाहीत. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती तिकडे पोचल्याचा कयास आहे. अमेरिकेनं २०१६ मध्ये न्यूट-सॅलॅमँडरांच्या २०१ जातींची आयातच थांबवली. आमच्या टाकीत काय काय राहतं ते आम्हाला दिसत नाही. टाकीचं पाणीदेखील मी ओढ्यात ओतत नाही. शिवाय गेरू आणि शेंद्री कुठल्या डोंगरातले, हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं. जपानभर विखुरलेल्या या न्यूटांत जागोजागी वेगळेपण आहे, पाट सिमेंटचे झाले, खाचरं पडीक झाली तसे ते कमी होतायत, आणि सरकारच्या यादीत ते धोक्याच्या उंबरठ्यावर आहेत. उरलेल्यांत आपण परके घालायचे नाहीत. मुक्ता ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग राखणार कोण?"

मी वहीत सगळं लिहून काढलं, माझ्या मोडक्या जपानीत. वार, मापं, अंश. ती वही घेऊन खाली गेले आणि विचारायचं कसं याचे शब्द जुळवत दारात उभी राहिले. ओजीसान ७४ वर्षांचे आहेत. त्यांनी वही चाळली, दोन ठिकाणी माझी अक्षरं दुरुस्त केली आणि आपल्या नातीला फोन लावला. ती शाळेत विज्ञान शिकवते, तिच्या वर्गात उत्तरेकडची खिडकी आहे. आधी टाकी ओजीसानांकडे, पुढे नातीकडे, असं त्यांचं ठरलं. मला त्यात काही बोलावंच लागलं नाही.

मार्चला अजून दहा आठवडे आहेत. काल त्यांनी त्यांच्या पडवीत रिकामी टाकी मांडली, वाळू घातली, पाणी भरलं आणि मुक्ताला हाक मारली. तिनं आमच्या गाळणीचा स्पंज दोन्ही हातांत धरून नेला, जिन्यावर थेंब सांडत. टाकीत बुडवून तिनं तो पिळला. तपकिरी लोट पाण्यात पसरला.

"विरजण," ओजीसान म्हणाले. मराठीत.